शेवटचा घोट

मी एक जुनी पाण्याची बाटली आहे, मित्रांनो. तुमच्या दप्तरात असते तशी रंगीत, चित्रे काढलेली नव्हे. मी फौजेतली. अंग पत्र्याचे, रंग मळकट हिरवा, झाकण हरवू नये म्हणून साखळीने गळ्याशी बांधलेले, आणि अंगात जाड लोकरी कापडाची खोळ. माझ्या डाव्या कुशीला एक मोठा पोचा आहे. त्यामुळे मला टेबलावर ठेवले की मी थोडी कलते आणि नवखी माणसे मला सरळ करायला धावतात. धावू देत बिचारी, मला आता सवय झाली आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पत्र्याच्या चकतीवर यंत्राचा दट्ट्या बसला, पुन्हा बसला, आणि चकतीची वाटी, वाटीचा पेला, पेल्याची बाटली झाली. मग एका कामगारबाईने मला पाण्यात बुडवून दाबून धरले आणि कुठून बुडबुडा येतो का ते पाहिले. नाही आला. "पक्की आहे," असे म्हणून तिने मला बाजूला ठेवले. आयुष्यातली ती माझी पहिली शाबासकी.

माझा पहिला मालक मोठ्या मिशांचा, कमी बोलणारा सैनिक होता. त्याच्या कमरेला लटकून मी डोंगर पाहिले, वाळू पाहिली, नद्या ओलांडल्या. एकदा तो दगडांवर घसरला तेव्हा त्याच्या कमरेच्या आणि दगडाच्या मध्ये मी आले. पोचा मला पडला, हाड त्याचे वाचले. त्यानंतर तो मला इतका जपायचा की त्याची बायको म्हणे थट्टेने मला सवत म्हणायची.

त्याच्या पलटणीत एक रीत होती आणि ती तुम्हाला सांगायलाच हवी, कारण पुढचे सगळे तिच्यामुळेच घडले. कूच करताना सैनिक जोडीने चालत. पाण्याच्या गाडीपाशी पोहोचले की जोडीदार बाटल्या बदलत. प्रत्येकाने आपल्या बाटलीत एक घोट राखलेला असे, तो जोडीदाराने प्यायचा. मग सगळ्यांनी बाटल्या पालथ्या करून दाखवायच्या आणि त्यानंतरच नवे पाणी भरायचे. कोणाच्या बाटलीतून धार लागली तर त्याची खैर नसे. उन्हात न पिता चालणारा माणूस स्वतः पडतोच, शिवाय त्याला उचलायला आणखी चौघे अडकतात. म्हणून मित्रांनो, बाटलीचा मान रिकामी होण्यात असतो. भरलेली परत आलेली बाटली म्हणजे नुसते ओझे.

माझा मालक निवृत्त झाला आणि त्याने मला कोठारात जमा केले. तिथे मी वर्षानुवर्षे एका फळीवर पडून होते. नळीतून पाणी चोखायच्या नव्या पिशव्या आल्या, आणि आमच्याकडे कोणी ढुंकूनही पाहीना. खोळीला कसर लागली, साखळी गंजली. आपला जन्म आता फळीवरच जाणार असे मी धरून चालले होते.

पण शिकाऊ मुलांना नवे सामान देऊन ते वाया कोण घालवणार? एके दिवशी कोठारवाल्याने आम्हाला राखेने घासले, खळखळून धुतले आणि खिडकीपाशी रांगेत मांडले. लढाऊ तुकडीचे प्रशिक्षण सुरू होणार होते आणि त्या वर्षी त्यात काही मुलीही होत्या. याआधी एकच बाई त्या वाटेने गेली होती. आता तीच त्यांची प्रशिक्षिका होती.

मी ज्या मुलीच्या वाट्याला आले ती इतकी बारीक होती की पहिल्याच दिवशी तिचे नाव काडी पडले. कोठारवाल्याने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले आणि खिशात दगड भरून ठेव, नाहीतर वाऱ्याने उडशील, असा सल्ला दिला. काडी हसली नाही. तिने मला हातात घेतले, पोच्यावरून बोट फिरवले आणि पट्ट्याला अडकवले. मला ती तेव्हाच आवडली.

प्रशिक्षिकेने त्याच दुपारी मुलींना बराकीत बसवून चार गोष्टी सांगितल्या. केस इतके घट्ट बांधा की डोके आपटले तरी हलणार नाहीत. सॅकचा कमरेचा पट्टा आधी आवळा आणि खांद्याचे नंतर, कारण ओझे कमरेने वाहायचे असते. बूट मोठे झाले तर दोन मोजे घालून भागवू नका, कोठारात जाऊन बदलून मागा आणि कोठारवाला कुरकुरला तरी हलू नका. प्रत्येक विनोदावर हसायलाच हवे असे नाही. "राहू दे, मी उचलतो" म्हणणाऱ्याला आपले ओझे देऊ नका, पण खरोखर दुखत असेल तर लपवूही नका. मुलींनी सगळे मन लावून ऐकले. सल्ला सोन्यासारखा होता. पण त्यात एक गोष्ट नव्हती, आणि ती नाही हे त्या खोलीत कोणाच्याच लक्षात आले नाही.

ती गोष्ट काडीला तिच्या आईने आधीच सांगून ठेवली होती, पण उलटी. आई शिवणकाम करायची, स्वभावाने मायाळू आणि जरा भित्री. लेकीला बसमध्ये बसवताना तिने खिडकीतून हात धरून सांगितले होते, "पाणी जपून पी गं. वाटेत कुठे सोय नसते." हे काही नवे नव्हते. शाळेची सहल असो, लग्नाला जायचे असो की परीक्षेला, त्या घरातल्या बायका निघायच्या आधीपासून पाणी तोडायच्या. काडीच्या शाळेत मुलींच्या मोरीला कडी नव्हती, म्हणून ती रोज कोरड्या तोंडाने घरी येई आणि माठापाशीच बसकण मारी. तहान मारणे ही त्या घरची शिस्तच होती म्हणा ना.

आता विचार करा. उघडा माळ, ना झाड ना झुडूप, पुढे मुलगे, मागे मुलगे. मुलग्यांना लघवीला लागली की ते रस्त्याच्या कडेला जाऊन पाठ फिरवत आणि दोन मिनिटांत पळत येऊन रांगेत मिसळत. काडीने काय करावे? ती फक्त ओठ ओले करी आणि मला बंद करी. पण गाडीपाशी बाटली पालथी करून दाखवायची होती. मग तिने तोड काढली. गाडी नेहमी एका पडक्या भिंतीच्या पलीकडे उभी असे. भिंत दिसली की काडी बुटाची नाडी बांधायच्या निमित्ताने खाली वाके, माझे झाकण उघडी आणि एक घोट राखून बाकीचे पाणी हळूच मातीवर ओतून देई.

मित्रांनो, त्या वेळी मला काय वाटायचे ते कसे सांगू? दिवसभर मी ते पाणी गार राखायचे, त्यासाठी सकाळी भिजवलेली खोळ अंगावर वागवायची, आणि शेवटी ते मातीने गटागटा प्यायचे. मला राग यायचा. ओरडून सांगावेसे वाटायचे की अगं, हे तुझ्यासाठी आहे. मला तोंड आहे खरे, पण त्यातून फक्त पाणीच येते.

तिचा जोडीदार सुताराचा मुलगा होता, उंच, लांब मानेचा. दिसेल तिथे पाणी पितो म्हणून सगळे त्याला उंट म्हणत. तो काडीचा राखलेला घोट आवडीने प्यायचा. एकदा त्याने तिला विचारलेही, की तुला पिताना मी कधी पाहिलेच नाही, तुझी बाटली काय वाऱ्याने रिकामी होते? काडीने विषय बदलला आणि तोही विसरून गेला.

अशा रीतीने शेवटच्या परीक्षेचा दिवस आला. सगळ्यांत लांब कूच, पाठीवर पुरे ओझे. जे ती पुरी करतील ते लढाऊ तुकडीत जातील, बाकीचे कार्यालयात कागद हलवत बसतील. अडचण आली तर प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी होती. ती वाजवली की मदतीची गाडी येई, पण वाजवणारी जोडी तिथल्या तिथे बाद. काडीला शिट्टीचे भय वाटत नव्हते. तिला भय वाटत होते ते घरी आत्या, काका आणि मोठा भाऊ एकमेकांकडे पाहून काय म्हणतील त्याचे. "सांगितलं होतं ना" हे शब्द तिने आधीच पाठ करून ठेवले होते.

ऊन सकाळपासूनच भाजत होते. दुपारपर्यंत माझा पत्रा तापला. उंटाने आपली बाटली कधीच संपवत आणली होती. काडीचे ओठ फुटले होते, आणि तिचा हात मला लागला की तो घामाने ओला नसून कोरडा, कढत लागायचा. ते मला अजिबात चांगले वाटले नाही. तेवढ्यात पडकी भिंत दिसली. काडी खाली वाकली. माझे झाकण उघडले.

या वेळी तिने एक घोटसुद्धा राखला नाही. हात थरथरत होता, त्यात सगळेच सांडले.

आम्ही भिंत ओलांडली. पलीकडे गाडी नव्हती.

परीक्षेच्या दिवशी गाडी मुद्दाम पुढे, टेकडीच्या मागे नेली होती आणि ते कोणाला सांगितले नव्हते. लढाईत पाणी ठरल्या जागी मिळतेच असे नाही, हे शिकवायचे होते. रस्ता लांबच लांब पसरला होता. पुढची जोडी टेकडीआड गेली होती, मागची अजून दिसत नव्हती. काडी क्षणभर थांबली, मग चालू लागली. मी तिच्या कमरेवर रिकामी आपटत होते. तो आवाज तिला ऐकू येत होता, मलाही येत होता.

थोड्या वेळाने उंट बडबडायला लागला. प्रथम तो वडिलांच्या रंध्याविषयी बोलला, मग रस्त्याच्या मध्ये पाट मांडलाय, बसू या, असे म्हणाला. काडीने वळून पाहिले. त्याचा चेहरा लाल झाला होता आणि कपाळावर घामाचा थेंबही नव्हता. तिने हाक मारली तर तो हसला, गुडघ्यावर बसला आणि आडवा झाला.

काडीला शिकवलेले सगळे आठवत होते. सावलीत ने, सॅक काढ, गुंड्या सोड, अंगावर पाणी ओत. तिने त्याला काखेत हात घालून ओढत ओढत एका खडकाच्या सावलीत नेले. एवढ्याशा जिवात तेवढे बळ कुठून आले कोण जाणे. त्याची बाटली उघडली, ती कोरडी. मग तिचा हात माझ्याकडे आला. माझ्यात काही नाही हे तिच्याइतके कोणालाच माहीत नव्हते, तरी तिने झाकण काढले, मला त्याच्या तोंडावर पालथे केले आणि हलवले. पुन्हा हलवले. मित्रांनो, त्या क्षणी माझ्यात एक थेंब असता तर मी माझा पत्रा फाडून तो बाहेर काढला असता.

तिने शिट्टी ओठांत धरली. वाजवली की सगळे संपणार होते, ही वाट, हे कपडे, सगळेच. तिने वाजवली. तोंड इतके सुकले होते की पहिल्यांदा नुसती हवा आली. दुसऱ्यांदा वाजली, आणि मग ती थांबलीच नाही.

गाडी येईपर्यंत तिला काय सुचावे? तिने माझी खोळ ओरबाडून काढली. सकाळी भिजवलेली ती, वरून वाळली होती, पण आतल्या बाजूला पुसट ओल राहिली होती. ती बाजू तिने उंटाच्या मानेवर दाबली आणि टोपीने वारा घालत राहिली. तो श्वास घेत होता. गाडीचा धुरळा दिसला तेव्हा ती उठून उभी राहिली, हात हलवला आणि स्वतःच कोसळली.

दोघांनाही दवाखान्यात नेले. काडीला सलाईन लावले. मला तिच्या उशापाशी टेबलावर ठेवले होते, कललेली, खोळीशिवाय. संध्याकाळपर्यंत दवाखाना भरून एकच गोष्ट फिरत होती, की या पोरीने आपले सगळे पाणी जोडीदारावर ओतले आणि स्वतः तहानलेली राहिली. डॉक्टर म्हणाले, नर्स म्हणाली, मोठे साहेब स्वतः येऊन मला उचलून म्हणाले, "कोरडी ठणठणीत. स्वतःला एक थेंब ठेवला नाहीस." नर्सने मला कापडाने पुसले आणि शाबासकी दिल्यासारखे थोपटले. इतकी वर्षे उपेक्षेत काढल्यावर मला मिळालेला तो मोठ्यातला मोठा मान होता, आणि तो मला पोच्यापेक्षा जास्त दुखला. काडीने डोळे मिटून घेतले.

उंट रात्रभर बेशुद्ध होता. दुसऱ्या दिवशी तो शुद्धीवर आला आणि त्याच्या पुढच्या दिवशी सलाईनचा खांब हातात धरून लटपटत काडीच्या खोलीत आला. त्याला फारसे काही आठवत नव्हते. लोकांनी सांगितले तेच खरे मानून तो म्हणाला, की तुझ्या पाण्याने वाचलो, आता जन्मभर माझा घोट तुझा. तो गेल्यावर काडी भिंतीकडे तोंड करून रडली. तोंडातून एक शब्द न काढता ती लढाऊ तुकडीत जाऊ शकत होती. साहेबांनी तसे सुचवलेही होते, की असा सैनिक बाद करायचा म्हणजे नियमालाच लाज वाटेल.

पुढच्या आठवड्यात कवायतीच्या मैदानावर सगळी तुकडी उभी राहिली. साहेबांनी काडीला पुढे बोलावले. मी तिच्या पट्ट्याला होते आणि तिचा अंगठा माझ्या पोच्यात रुतला होता.

"साहेब, ते पाणी मी त्याला दिलं नाही," ती म्हणाली. "मी ते आधीच ओतून टाकलं होतं. रोज टाकते."

साहेबांनी कारण विचारले.

"प्यायले असते तर जावं लागलं असतं. जायला जागा नव्हती."

मुलग्यांच्या रांगेत कोणीतरी फस्सकन हसले आणि लगेच गप्प झाले. साहेबांचा चेहरा दगडासारखा झाला. पलटणीत पाणी फेकण्याइतका मोठा गुन्हा नाही, आणि या मुलीमुळे एक मुलगा मरता मरता राहिला होता. उंट रांगेत होता, त्याने मान खाली घातली. काडी सरळ उभी होती.

तेवढ्यात मुलींच्या रांगेच्या टोकाची एक जण पाऊलभर पुढे आली. "मीपण ओतते, साहेब." मग दुसरी पुढे आली. मग बाकीच्या सगळ्या.

शेवटी प्रशिक्षिका त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली. आवाज नेहमीसारखाच खणखणीत ठेवून ती म्हणाली, "यांना मी सगळं सांगितलं, हेच सांगायचं राहिलं. मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलं नव्हतं."

शिक्षा चुकली नाही. साहेबांनी काडीची निवड रद्द केली आणि तिला नव्या तुकडीबरोबर पहिल्या दिवसापासून सुरुवात करायला सांगितले. बाकीच्या मुलींनाही शेवटची कूच पुन्हा करावी लागली. पण त्या दिवसापासून प्रशिक्षिका निघण्याआधी सगळ्यांदेखत, जेवणाची वेळ सांगावी तितक्या साध्या आवाजात सांगू लागली, की ज्याला लागेल त्याने थांबायचे, जोडीदाराने पाठ फिरवून चादर धरायची, आणि यात हसण्यासारखे काय आहे ते हसणाऱ्याने पुढे येऊन सांगायचे. कोणी पुढे आले नाही.

आजारपणामुळे उंटालाही नव्या तुकडीतच यावे लागले. काडीला वाटले तो दुसरा जोडीदार मागेल. पहिल्या सकाळी तो तिच्या शेजारी येऊन उभा राहिला आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "पुढच्या वेळी मला सांग. मी पाठ करून उभा राहीन, त्यात काय मोठंसं."

आणि तो राहिला. शेवटच्या कूचीत, त्याच माळावर, भर उन्हात काडी म्हणाली, "थांब. पाठ कर." उंट वळला, चादर धरली आणि तिला अवघडू नये म्हणून इतक्या बेसूर आवाजात गाऊ लागला की मागच्या जोडीने वेग कमी केला. पडकी भिंत आली. काडीने मला उघडले. मी श्वास रोखला. तिने मला तोंडाला लावले आणि ती प्यायली, गटागटा, मानेवरून ओघळ येईपर्यंत. राखलेला एक घोट उंटाने प्यायला, आणि त्या दिवशी गाडीपाशी मी पालथी झाले ती खरीखुरी रिकामी.

शपथविधीच्या दिवशी काडीची आई आली. बसचा मोठा प्रवास करून, नवी साडी चुरगळलेली, ओठ पांढरे पडलेले. लेकीच्या खांद्यावरची पट्टी पाहून ती रडली आणि पदराने तोंड पुसू लागली. काडी तिच्या ओठांकडे पाहत होती. सकाळपासून काही प्यायलीस का, असे तिने विचारले तेव्हा आई ओशाळली. काडीने मला कमरेवरून सोडले आणि तिच्या हातात दिले.

"नको गं, परत जायचंय. वाटेत कुठे..."

"पी, आई. मी येते स्टँडपर्यंत. बस थांबवायची असली तर थांबवू. मी ड्रायव्हरशी बोलेन."

आईने इकडेतिकडे पाहिले. मग मैदानाच्या मधोमध, सगळ्यांदेखत ती प्यायली. इतके पाणी ती बहुधा वर्षानुवर्षे एका दमात प्यायली नसेल. मित्रांनो, आणि विशेषतः मैत्रिणींनो, पुढे तुम्हाला ही वर्दी घालायची असेल तर दौड शिका, नेम शिका, ओझे उचलायला शिका. पण तहान लागली की प्या, आणि थांबायचे असेल तेव्हा थांबायचे आहे असे तोंडाने सांगा. आणि तुमच्यापैकी जे पाठ करून उभे राहणार आहेत, त्यांनी हसू नका. माझी एवढीच विनंती आहे.

आईने मला परत दिले तेव्हा मी पुरती रिकामी नव्हते. पलटणीची रीत तिला कोणी सांगितली नव्हती, तरी तिने तळाशी एक घोट राखला होता. काडीने तो पिऊन टाकला आणि मला पालथे करून दाखवले.